घोरण्याचा ठेका

मी दातांच्या कवळ्या बनवते. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हाताला काम नसतं, तेवढ्यात मी मोबाइलवर ठेक्याचा गेम खेळून घेते. वरून पट्ट्या पडतात, गाण्याच्या ठोक्यावर अंगठा टेकवायचा. एरवी दिवसभर मान वर करायला सवड नसते.

नवरा रात्रपाळीचा बसचालक. दिवसा झोपतो आणि असा घोरतो की भांडी वाजावीत. नव्या इअरफोनमध्ये आवाज जरा उशिरा पोचायचा, म्हणून गेमचा ठेका पुन्हा जुळवणं भाग होतं. आवाज आला की टेकवा, एवढंच गेम सांगतो. रविवारी मी घरीच होते, मला चेष्टा सुचली. इअरफोन काढले आणि नवऱ्याच्या घोरण्यावर ठोके दिले. गेमने ते मुकाट्याने मान्य केले.

तेव्हापासून माझा एकही ठोका चुकेना. आवाज बंद असला तरी अंगठा नेमका पडायचा. मी हवेतच होते.

एका दुपारी लॅबमध्ये साहेब अचानक आत आले. मी गाणं अर्धवट सोडून फोन खिशात घातला. ते गेले न गेले तोच नवऱ्याचा फोन आला.

"झोपेत श्वासच येईना गं," तो म्हणाला. "मधेच कुणी थांबवल्यासारखा."

डॉक्टरांना दाखव, असं मी त्याला बजावलं. फोन ठेवल्यावर समोर अर्धं राहिलेलं गाणं दिसलं. योगायोग असेल, असं मनाला समजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. तो उताणा झोपला होता, पण घोरत नव्हता. खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. मी पलंगाच्या कडेला बसून गाणं लावलं.

पट्टी पडली. अंगठा टेकवला. त्याची छाती वर आली.

पुढची पट्टी मी मुद्दाम सोडली. छाती हलली नाही. घाबरून अंगठा दाबला, तशी ती वर आली. गेम काढून टाकावा, असं मनात आलं. पण मग ठोका कोण देणार?

एकही न चुकता मी गाणं संपवलं. पडद्यावर पूर्ण गुण आले.

छाती खाली गेली, ती वर आलीच नाही.

"ऊठ ना रे," मी त्याला गदागदा हलवलं. मान नुसती डुलली. ओठ काळसर पडू लागले. नवं गाणं लावायला गेले, तर फोन हातातून गादीवर पडला.

त्याचा हात चाचपडत आला. डोळे मिटलेलेच होते. त्याने माझा अंगठा मुठीत धरला आणि गादीवर आपटला.

छाती वर आली.

पुन्हा आपटला. पुन्हा वर आली.

सुट्टी संपली होती. माझा फोन वाजू लागला, लॅबमधून होता.

डोळे न उघडता त्याने दुसऱ्या हाताने तो बंद केला.