तांदूळ रोळल्याचा आवाज

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, हे माझ्याच हातून घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी बारा वाजता.

गेल्या ऑक्टोबरात मी अमेरिकेतल्याच ट्रॉय गावातल्या माझ्या घरून कॅलिफोर्नियाला भाचीकडे, वल्लरीकडे गेले होते. तिने मला डोंगरातला एक लहानसा ओढा दाखवायला नेलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या रेतीत लोक सोनं शोधायचे.

पार्किंगमध्ये आमची एकच गाडी.

काच खाली केली आणि ऐकू आलं... खस्स... खस्स...

"कोण गं तांदूळ रोळतंय?"

"मावशी, इथे जंगलात कोण तांदूळ रोळणार! पाणी आहे ते. तू बस, मी बोर्ड वाचून येते. दहीभात एकटीच संपवू नकोस हं!"

मी हसले. काच वर केली, फोनवर कीर्तन लावलं. बुवा दारी आलेल्या भुकेल्याची कथा सांगत होते. या कथेला मी दरवेळी रडते. तेव्हाही रडले.

डोळे पुसून मांडीवरचा डबा उघडला.

बाहेरचा आवाज थांबला...

काचेवर टकटक.

एक माणूस. नुसती हाडं. त्या उन्हात दाढीला बर्फ... हातात परातीसारखं पसरट लोखंडी भांडं, त्यात ओली रेती. ते त्याने माझ्यापुढे धरलं. नजर डब्यावर.

मला वाटलं, कुणी बेघर असेल, वेडा.

मी दार लॉक केलं. डब्यावर ओढणी ओढली. आणि... लिहितानाही मान खाली जाते... कीर्तनाचा आवाज वाढवला.

पुन्हा पाहिलं. कुणीच नाही.

वल्लरी बोर्ड वाचून परत आली.

"मावशी, एका हिवाळ्यात इथे बर्फाने वाट बंद झाली. एक जण रेती रोळायच्या पॅनमधलं सगळं सोनं पुढे करत झोपडी-झोपडी फिरला, मूठभर खायला द्या म्हणून. कुणी दारच उघडलं नाही यार."

दहीभाताचा पहिला घास घेतला. दाताखाली कचकन रेती आली.

आता घरी रोज तांदूळ रोळते... तळाशी चिमूटभर काळी रेती उरते. तांदूळ बदलले. दुकान बदललं. मंडळाच्या कीर्तनात बुवांनी ती कथा काढली की मी टाळ खाली ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, मनगट दुखतंय.

दाराबाहेर रोज भाताची मूद ठेवते. ती तशीच राहते.

काल दुपारी रोळताना मध्येच हात थांबवले.

आवाज थांबला नाही...

धावत जाऊन दार सताड उघडलं. "या हो, जेवायला या..."

बाहेर कुणी नव्हतं.

आणि खरं सांगते... मला हायसं वाटलं.