विमानातून आलेली खुर्ची

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माणूस आजही पांढरकवड्यात आहे, आणि त्यानं मला हे सांगितलं तेव्हा खोटं बोलण्याइतकाही उत्साह त्याच्यात उरला नव्हता.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

साल दोन हजार पंधरा. डिसेंबर महिना. नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून असलेलं एक टिनाचं दुकान.

दुकान कय्युमचाचाचं. चाचा पिंजारी. बाप पिंजारी, आजाही पिंजारी. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. पण त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. पिकवणारा रडत होता, आणि पिंजणाऱ्याचा धंदा फोमनं बसवला होता. मग चाचा ट्रकच्या सीटा शिवू लागला. तसंही आमच्या भागात तेव्हा धड झोपत कोण होतं, की गादी करवून घेईल?

सगळ्यात कमी झोपायची ती चाचाची बायको, आयशाबी.

सगळा जन्म कापसाच्या धुळीत गेलेला. छातीचा पार भाता झाला होता. आडवी झाली की श्वास कोंडायचा. मग खाटेवर बसून, भिंतीला टेकून ती रात्र काढायची. खोकला. शिट्टी वाजवत येणारा श्वास. पुन्हा खोकला. चाचा बाजूला पडून ऐकत राहायचा. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "यांना अर्धवट टेकून झोपवा." अर्धवट टेकून म्हणजे कसं, ते काही त्यानं दाखवलं नाही. चाचानं उशांवर उशा रचून पाहिल्या. पहाटेपर्यंत त्या घसरायच्या.

त्याचं एकच मागणं होतं. हिला एकदा पोटभर झोप मिळावी.

आणि एक दिवस धावजीनं ती खुर्ची आणली...

धावजी हैदराबाद लाइनचा ट्रक ड्रायव्हर. तिकडच्या भंगारात विमानाच्या खुर्च्या आल्या होत्या, त्यातली एक त्यानं केबिनमध्ये बसवायला उचलली. केबिनमध्ये ती मावेना. चांगली ऐसपैस होती, दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी. पाय ठेवायला वेगळी फळी. पाठ मागं गेली की सगळी आडवी होणारी.

"कय्युमभाई, ठेव तुह्याजवळ," धावजी म्हणाला. "भाभीले टेकून बसाले होईन."

चाचाला आनंद झाला. मोटर मेलेली होती, ती त्यानं काढून फेकली. पाठीला साखळी लावली, म्हणजे हव्या त्या कोनात अडकवता येईल. आतला फोम हात लावताच भुगा झाला. तिथं त्यानं स्वतः निवडलेला, स्वतः पिंजलेला कापूस भरला. किती वर्षांनी त्याचा हात असा मनापासून चालला होता.

एक गोष्ट मात्र राहिली...

चाचाच्या घराण्यात एक रीत होती. वापरलेली गादी आली की उसवण्याआधी विचारायचं, "याच्यावर कोणी गेलं तर नाही ना?" गेलं असेल तर त्या गादीला सुई लावायची नाही. चाचाचा बाप सांगायचा की कापूस अंग धरून ठेवतो. चाचा सगळ्यांना विचारायचा. लग्नातल्या गादीबद्दलही विचारायचा. लोक चिडायचे.

धावजीला त्यानं विचारलं नाही.

गादी कुठं होती ती? खुर्ची होती...

आयशाबी दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, चार टाके घालू लागायची. त्या दिवशी जेवण झाल्यावर चाचानं तिला खुर्चीत बसवलं. साखळी सैल करत पाठ मागं नेली. पाय वर आले. अंगावर दुलई दिली.

"कसं वाटते?"

"लई बरं," ती म्हणाली. पुढचं तिला बोलताच आलं नाही. झोप लागली होती.

(घरात ते दोघं त्यांच्या उर्दूत बोलायचे. मी आपल्या बोलीत सांगतोय.)

चाचा शिलाई मशीनकडे वळला. आणि थबकला.

काहीतरी कमी झालं होतं...

शिट्टी. तिच्या श्वासाची शिट्टी बंद झाली होती.

तो धावत गेला. छाती वरखाली होत होती. हलकी, शांत. चाचा तिथंच स्टुलावर बसला आणि रडला. सांगताना हे त्यानं लपवलं नाही.

संध्याकाळी ती उठली. तोंडावर तजेला होता.

"तुमी दुलई वर ओढली ना, तवा जरा जाग आलती मले," ती म्हणाली. "हनुवटीपर्यंत ओढली. मग पुन्हा डोळा लागला."

चाचानं ओढली नव्हती. तो नमाजला गेला होता.

मुलीनं, अतियानं ओढली असेल, असं त्याला वाटलं. मग आठवलं, पोरगी तर कॉलेजात होती...

पण बायको झोपली होती. बाकीचा विचार करायला त्याच्यात त्राण नव्हतं.

रोज दुपारी ती झोपू लागली. अंगावर दुलई पोटापर्यंत असायची. चाचा कामाला लागायचा. वळून पाहावं तर...

दुलई हनुवटीपर्यंत.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दुकानासमोरून दिवसभर ट्रक जायचे, हॉर्न वाजायचे. पण आयशाबी झोपली असताना खुर्चीजवळ उभं राहिलं की काहीच ऐकू यायचं नाही. ट्रक दिसायचा. आवाज नाही. दोन पावलं मागं आलं की पुन्हा सगळा गोंगाट सुरू.

कानात कापूस गेला असेल म्हणून त्यानं कान साफ केले.

मग एक दिवस कापूस नीट करायला त्यानं खुर्चीची खोळ उघडली. पिंजाऱ्याला गादी दाबून कळतं, वर कोण झोपतं. आयशाबी म्हणजे मूठभर बाई. तिच्या अंगाचा खळगा तिथं होताच.

पण त्याच्याबाहेर दुसरा खळगा होता...

रुंद खांदे. जड कंबर. आणि टाचा, तिच्या टाचांच्या कितीतरी खाली.

चाचानं कापूस उलटापालटा केला, खोळ शिवून टाकली. कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर खुर्ची काढावी लागली असती.

दोन-तीन दिवसांनी दुपारी कपिल आला. केळापूरकडच्या मारोतरावांचा पोरगा. शिकून अमेरिकेत नोकरीला लागलेला, सुट्टीवर आला होता. आईची, विमलताईंची गादी पिंजायला घेऊन आला होता.

चाचानं सवयीनं विचारलं, "याच्यावर कोणी गेलं तर नाही ना, भाऊ?"

"चाचा, आई घरी भाकरी करून राह्यली," कपिल हसला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. आयशाबी खुर्चीत गाढ झोपली होती. "अरे! हे तर बिझनेस क्लासचं सीट आहे. तुमच्याजवळ कसं आलं?"

"भंगारातलं हाये. बिझनेस क्लास म्हंजे?"

"म्हणजे विमानातले पैसेवाले बसतात तिथलं. मी कंपनीच्या जिवावर बसतो," कपिल म्हणाला. "साध्या सीटवर अमेरिकेपर्यंत जायचं म्हणजे मान मोडते, पाय सुजतात. आणि यात... बटण दाबलं की पाठ मागं जाते, पाय वर येतात, सरळ खाट होते. उशी देतात, दुलई देतात. इंजिनाची एकसारखी घरघर. चाचा, एवढी झोप मला घरच्या पलंगावरही येत नाही. बाहेरचं काही ऐकूच येत नाही."

काही ऐकूच येत नाही. चाचाच्या हातातली सुई थांबली.

"एकदा मात्र माझी झोप उडाली," कपिलनं आवाज खाली आणला. "मागच्या भागातले एक म्हातारे वाटेतच वारले. विमान तर मध्येच थांबवता येत नाही. ठेवणार कुठं? मग त्यांना आणून माझ्या बाजूच्या रिकाम्या सीटवर निजवलं. कमरेला पट्टा बांधला. आणि दुलई ओढली..."

"किती?" चाचानं विचारलं.

"अं?"

"किती ओढली?"

कपिलनं हात आपल्या हनुवटीला लावला.

"झोपलेच आहेत असं वाटत होतं," तो म्हणाला. "विमान उतरताना सगळ्यांची सीटं सरळ करतात. त्यांचंही सरळ केलं."

तेवढ्यात लाइट गेली. मशीनच्या मोटरचा आवाज थांबला. लोडशेडिंगचीच वेळ होती, त्यात नवं काही नव्हतं.

पण त्या शांततेत साखळी वाजली.

किण्...

दोघांनी वळून पाहिलं.

खुर्चीची पाठ वर येत होती.

हळूहळू. सावकाश. साखळी सैल होऊन लोंबत होती. पाठ वर आली, पायाची फळी खाली गेली, आणि झोपलेली आयशाबी बसती झाली. डोळे मिटलेलेच. दुलई हनुवटीपर्यंत...

"चाचा, याला मोटर आहे ना?" कपिलनं विचारलं.

"काढून टाकली मी."

चाचा पुढं गेला. कानावर येणारे सगळे आवाज एकदम बंद झाले. समोर कपिल काहीतरी ओरडत होता, त्याचे नुसते ओठ हलत होते. चाचाला ऐकू येत होती ती फक्त घरघर. एकसारखी. लांबून येणारी.

त्यानं बायकोला हलवलं. ती हलेना. ओठ निळे पडत होते. त्यानं दुलई ओढली. निघेना. मग त्याला दिसलं. कमरेपाशी दुलई आडवी दबली होती. वरून पट्टा आवळावा तशी.

पट्टा तर नव्हता. खुर्चीला पट्टाच नव्हता...

चाचा म्हणतो, मला दुवा आठवली नाही, कलमा आठवला नाही. माणूस घाबरला की जन्माची सवय बोलते. त्याच्या तोंडून तेच निघालं जे पहिल्या दिवशी निघायला हवं होतं.

"याच्यावर कोणी गेलं तर नाही ना?"

घरघर थांबली.

कमरेवरचा दाब सुटला. दुलई चाचाच्या हातात आली. रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न कानात घुसला, आणि आयशाबीला खोकल्याची उबळ आली. चाचाला तो खोकला इतका गोड कधी लागला नव्हता.

ती डोळे उघडून त्याच्याकडे रागानं पाहू लागली.

"काहून उठवलं मले? बाजूच्या बाबानं सांगतलं होतं, उतरेपर्यंत उठू नको म्हणून."

कपिल आईची गादी तिथंच टाकून निघून गेला. ती न्यायला पुढं दुसराच माणूस आला.

चाचानं त्याच दुपारी खुर्ची उसवली. आयशाबी बाजूला बसून रडत होती.

"नका ना काढू. मले झोपू द्या."

"ती झोप चांगली नाही."

"चांगली-वाईट मले नाही समजत. मले झोप आली होती, अजी. इतक्या सालांनी आली होती."

चाचा पाठ फिरवून सांगाडा खोलत राहिला. कापूस तिनं पोत्यात भरला. सांगाडा धावजीच्या ट्रकवर चढवला. ही कुठून आली, कुणाची होती, असं चाचानं त्याला विचारलं तेव्हा धावजी दोर आवळू लागला.

"भंगारवाल्यानं दुसऱ्या खुर्चीले हात लावू देला नाही. हे म्हणे फुकट ने. काहून, ते मी इचारलं नाही."

त्यानंही विचारलं नव्हतं.

पोतं चाचानं गावाबाहेर नेऊन जाळलं. उचलताना ते जरा हलकं वाटलं. पण दमलेल्या माणसाला काय जड आणि काय हलकं! तो घरी येऊन पडला.

पुढं पुन्हा तेच. ती भिंतीला टेकून. खोकला, शिट्टी, खोकला. चाचा ऐकत राहायचा आणि शुक्र मानायचा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी शिट्टी कमी झाली. औषध लागू पडलं, असं अतिया म्हणाली. आयशाबी दुपारी घरीच खाटेवर टेकून झोपू लागली. नवी उशी शिवली होती तिनं, आपल्या हातानं. चाचाला बरं वाटलं.

एका दुपारी तो जेवायला घरी आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. आयशाबी झोपली होती. तो पाणी प्यायला माठाकडे गेला, आणि त्याला जाणवलं की गल्लीतला आवाज येत नाहीये...

त्यानं वळून पाहिलं.

उन्हाळ्याचे दिवस. तरी दुलई हनुवटीपर्यंत.

तो जवळ गेला. तिचं डोकं हलकेच उचलून त्यानं उशी दाबून पाहिली. पिंजाऱ्याचा हात. खोटं सांगत नाही.

आत तिच्या डोक्याचा खळगा होता. आणि त्याला लागूनच दुसरा, मोठा...

पोतं हलकं का होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "मग काढून घेतली ना उशी?"

दुकानाबाहेरून ट्रक जात होते.

"रोज काढाले जातो," तो म्हणाला. "हात घालतो उशीखाली. मग तिच्या तोंडाकडे पाह्यतो... इतकी शांत झोपलेली असते."

"मग?"

"मग बाजूले बसतो. हात पकडून बसतो तिचा. उतराची वेळ झाली, तर समजलं पाहिजे ना मले."