प्राणहितेकाठचे तीन ठसे

शिलालेखाचा ठसा घेणं म्हणजे निम्मं धोबीकाम. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांत बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. कोरलेलं तेवढं पांढरं उतरतं, बाकी सगळं काळं. यात चमत्काराला जागा नसते, आणि मी चमत्कार मानणाऱ्यांतला नव्हेच.

१९५१च्या जानेवारीत पुरातत्त्व खात्याने मला सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी धाडलं. पलीकडच्या तीरावर पोलीस आणि बंदूकधारी टोळ्या यांच्या चकमकी रोजच्याच होत्या. अलीकडे उघड्या काठावर सातशे वर्षांपूर्वीचा मराठी लेख उभा होता. तो फुटण्याआधी त्याचा ठसा तरी हाती असावा, एवढाच हुकूम. मदतीला होता डोमा, लहानपणी बापासोबत आरमोरीकडून येऊन इथे स्थायिक झालेला पन्नाशीचा ढिवर, मासेमारीवर जगणारा.

पहिल्या ठशात सातव्या ओळीवर रुपयाएवढा पांढरा डाग आला. दगडावर तिथे ओरखडाही नव्हता. कागदच भिकार, असं म्हणून मी तो वाळत टाकला.

तासाभरात पलीकडून गोळी आली आणि सातव्या ओळीचा टवका उडाला. मी ठसा दगडाशी धरून पाहिला. डाग आणि खड्डा, केसाचाही फरक नव्हता.

खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. आयुष्यभर दगड झाले-गेलेलं सांगत आले होते. हा पुढचं सांगत होता. लगेच मी दुसरा कागद चढवला.

वरच्या चार ओळी कोऱ्या आल्या. दगडावर त्या अजून ठसठशीत होत्या.

"डोमाभाऊ, हा दगड उद्यापर्यंत टिकत नाही. वाळूत पुरायला हवा."

"आता? बंदुका चालून राह्यल्या ना, साहेब." त्याने नदीपलीकडे पाहिलं. "माह्या बापानं याले नारळ फोडला, म्याबी फोडला. याले असा फुटू कसा देऊ? खंदतो."

तो उघड्यावर उभा राहून खणू लागला. कंबरभर खड्डा झाला, तेव्हा मला राहवेना. मी तिसरा कागद लावला.

चारही ओळी परत आल्या होत्या! टवका सोडला तर लेख शाबूत. माझं नाचायचंच काय ते बाकी होतं.

मग खाली पाहिलं.

लेखाखाली वीतभर दगड कोरा होता. कागदावर तिथे एक ओळ उतरली होती, त्याच जुन्या वळणाची.

'डोमा राखितां पडिला.'

मी दगडावरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

डोमा दरडीच्या आडोशाला दम खात बसला होता.

"काय आलं, साहेब? वाचते का आपला दगड?"

मी कागदाची खालची कड दुमडली.

"वाचतो," मी म्हणालो. "अजून हातभर खोल हवं."

आणि फावडं उचलून त्याच्या हातात दिलं.