दुसरा तरंग

विचारवाचक यंत्राच्या पडद्यावर इंदुमतीबाईंच्या मेंदूतले तरंग स्थिर करून ठेवले होते. बाईंचा कृत्रिम श्वास काल, मंगळवारी, बंद झाला होता. त्यांचे यजमान उपासनी सर प्रयोगशाळेत खुर्चीवर बसले होते. डॉ. शहनाज मुजावरांनी चहा मागवला, तो सर प्यायलेही. चव काही लागली नाही.

डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. आठ महिने बाईंची पापणीही हलत नव्हती, म्हणून यंत्र त्यांचा विचार थेट मेंदूतून वाचून इंग्रजीत मांडायचं. केवल वाक्याचा एकच तरंग उठतो. संयुक्त वाक्याचे दोन, मध्ये 'अँड' किंवा 'बट'चा बारीक सांधा. श्वास थांबवायची संमती केवल वाक्यातच हवी, असा नियम होता. दोन तरंग दिसले तर थांबायचं, कारण दुसरा विचार पहिल्याला अडवणारा असू शकतो.

सरांना हे ठाऊकच होतं. यंत्राला हा फरक शिकवायला दहा हजार वाक्यं त्यांनीच तपासून दिली होती. बायको पुन्हा बोलेल, या एका आशेवर.

"सर, संयुक्त वाक्यांवर फक्त खूण करायची होती," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही ती सांध्यावर तोडलीत."

सरांनी मान हलवली. तासगावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी व्याकरण त्यांनी असंच शिकवलं होतं: सांधा दिसला की उभी रेघ मारा, दोन वाक्यं सुटी करा, मार्क तुमचे. जित्याची खोड, दुसरं काय. इथेही हात आपसूक रेघा मारत गेला. यंत्रही तेच शिकलं. सांधा आला की वाक्य संपलं असं धरून ते वाचन थांबवू लागलं.

सोमवारी पडद्यावर इंग्रजीत उमटलं होतं, 'मला जायचं आहे.' एकच तरंग. रुग्णालयाच्या समितीने संमतीवर सह्या केल्या, सरांनीही केली. त्यांना दुःख झालं होतं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं.

"मूळ नोंद पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचं वाचता येईल. नाही वाचलं तरी कुणी विचारणार नाही."

"वाचा."

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. सरांनी सवयीने मनात मराठी केलं: मला जायचं आहे, पण गुरुवारी रेवती येते आहे.

रेवती म्हणजे त्यांची लेक. ती आत्ता विमानात होती. तिला आईचं जाणं पाहावं लागू नये म्हणून सरांनीच मंगळवार ठरवला होता.