चोवीस टोप्या

"टोपी कुणीही काढायची नाही! मी टोप्या मोजतो, तोंडं नाही!"

शहरदर्शनाच्या बसमध्ये पुढे उभा राहून शेखर ओरडला. शेखर म्हणजे या बसचा गाईड. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात शिट्टी आणि लक्ष कशातच नाही!

धोंडीराम आजोबांनी हातातली नारंगी टोपी उलटसुलट करून पाहिली. डोक्यावर त्यांची स्वतःची पांढरी टोपी होतीच.

"येका डोक्याला दोन टोप्या? नाय बा!" असं म्हणत त्यांनी नारंगी टोपी आपल्या सीटच्या वरच्या दांडीला अडकवली. "ऱ्हाऊ दे हितं. जागा धरलेली बरी."

"आजा, ही काय येष्टी हाय का?" काळू खो खो हसला.

काळू आणि त्याची धाकटी बहीण ललिता सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आजोबांबरोबर आले होते. सहामाही परीक्षा संपली होती. दोन दिवस आत्याकडे इंदिरानगरला राहायचं, नाशिक बघायचं आणि सोमवारी सकाळी परत! आत्या नर्स, तिला रविवारीही ड्यूटी. म्हणून जबाबदारी आत्येबहिणीवर, आठवीतल्या तृप्तीवर.

"आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय," आईने तिला बजावलं होतं. "त्यांना अजून नीट दिसत नाही, जवळ मोबाइल नाही, आपला पत्ताही सांगता येणार नाही. लक्ष ठेव!"

पंचवटीत बस थांबली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. "मी हितंच गाडीपाशी बसतो, तुमी बघून या," आजोबा म्हणाले. मुलं रामकुंड बघून, एकमेकांवर पाणी उडवून येतात तोच शिट्टी वाजली. "चला, चला, चला! उशीर झाला!" तिघं धावत मागच्या दाराने चढली आणि शेवटच्या बाकावर आदळली.

"आजोबा आले ना?" तृप्तीने विचारलं.

"ती बघ की टोपी!" ललिताने पुढे बोट दाखवलं.

शेखरने पुढूनच बोट नाचवत मोजलं, "बावीस, तेवीस, चोवीस! सोडा गाडी!"

मुंबई नाक्याच्या पुढे बस चहाला थांबली. तृप्ती आजोबांसाठी चहा घेऊन पुढच्या सीटपाशी गेली. दांडीवर टोपी होती. टोपीखाली कुणीच नव्हतं!

शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगं, मी पंचवटीपासून एकटीच बसलेय. मला वाटलं, मागे नातवंडांजवळ गेले असतील!"

तिघं धावत शेखरकडे गेली.

"काका, आजोबा पंचवटीतच राहिले! बस मागे घ्या!"

"शक्य नाही," मोबाइलवरून नजर न काढता शेखर म्हणाला. "चोवीस मोजलेत मी. इथेच उतरून कुठेतरी गेले असतील. गावाकडची माणसं अशीच भरकटतात."

"आमचा आजा भरकटत नाय! तुम्ही टोपी मोजली!" काळू कडाडला.

"ए, आवाज खाली! माणसं मोजतो मी, शेळ्या नाही! पाच मिनिटं वाट बघू. नाही आले तर पोलिसांना सांगतो, चहाच्या टपरीवरून हरवले."

"अहो, मग पोलीस इथे शोधत बसतील आणि आजोबा तिकडे!" तृप्ती ओरडली. तिने आईला फोन लावला. बंद! आई ऑपरेशन थिएटरमध्ये असणार. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग शेखरचा होता आणि स्वतःचाही. चार पावलं पुढे जाऊन आजोबांचं तोंड बघायला काय झालं होतं तिला?

"रडतेस काय!" काळूने दात-ओठ खात आपली टोपी काढली. "तुमच्या टोप्या द्या हिकडं. त्याला आता त्याच्याच तोंडानं बोलायला लावतो!"

शिट्टी झाली. माणसं भराभर चढली. मुलांनी शेवटच्या बाकाच्या दांडीला तीन टोप्या अडकवल्या आणि ती मागच्या दारातून गुपचूप खाली उतरली.

शेखरने बोट नाचवलं. "एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस! आले वाटतं आजोबा! बघा, मी म्हटलं नव्हतं? उगाच कांगावा! सोडा गाडी!"

धाड! धाड! धाड! बसच्या पत्र्यावर सहा हात एकदम बडवू लागले.

"कोण आलं?" पुढच्या दारातून तृप्ती आत घुसली. "आम्ही तिघं बाहेर! आजोबांचा पत्ता नाही! बसमध्ये वीसच माणसं आहेत! तुमचे चोवीस आले कुठून?"

शेखर मागच्या बाकावरच्या टोप्यांकडे बघतच राहिला.

"लाज नाही वाटत?" शेजारच्या बाई ताडकन उठल्या. "म्हाताऱ्या माणसाला उन्हात टाकून आलास आणि वर पोरांनाच खोटं पाडतोस!"

"वळवा गाडी!" सगळी बस ओरडली. ड्रायव्हरने शेखरकडे बघितलंही नाही. त्याने सरळ गाडी फिरवली.

वाटेत ललिताने तृप्तीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आणि पंचवटीत, बस जिथे उभी होती त्याच जागी, विजेच्या खांबाला एक हात लावून आजोबा उभे होते! चेहरा उन्हाने काळवंडला होता. दुसऱ्या हातात सीताफळांची पिशवी होती.

"आजाऽऽ!" ललिता जाऊन बिलगली.

"अगं, समोर सीताफळं घ्यायला गेलो, तं गाडी चालू लागली. लय हाका मारल्या. मंग हितंच थांबलो. रिक्षावाला म्हने, गाडी नाय यायची आता. मी म्हनलं, येनार! जागा धरलीय मी!"

हे ऐकून तृप्तीला हुंदकाच फुटला. ज्या टोपीने घात केला, त्याच टोपीच्या भरवशावर आजोबा तासभर उन्हात उभे होते!

शेखर मान खाली घालून पुढे आला. "आजोबा, चुकलं माझं. मोजताना जरा..."

आजोबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. सगळा प्रकार काळूने त्यांना एका दमात सांगितला होता.

"माझ्या घरी चाळीस शेळ्या हायत," ते म्हणाले. "रोज सांजला येकेकीचं तोंड बघून आत घेतो. येक कमी असली तं बत्ती घेऊन रानात जातो. तू म्हनला, शेळ्या मोजत नाय. शेळ्या मोजायला तरी शीक बाबा आधी!"

शेजारच्या बाईंनी तृप्तीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गं पोरी! तिघंही शाब्बास!"

"माझी पोरं हायत ती!" आजोबांनी काळूच्या डोक्यावर हात ठेवला. "मागं सोडत नाय कुनाला."

सगळे बसले. या वेळी शेखरने मोबाइल खिशात टाकला आणि एकेका सीटपाशी थांबून, एकेकाच्या तोंडाकडे बघून मोजायला लागला. तो आजोबांपाशी आला तेव्हा ललिताने दांडीवरची नारंगी टोपी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ही घ्या तुमची. आमचा आजा हाय आता हितं."