कोठीमागचा हुंकार

पुस्तकाच्या प्रकाशनाला एक प्रश्न ठरलेला असतो. "पंचशीलाताई, तुम्हाला मुलांच्या गोष्टी सुचतात कुठून?" मी हसून सांगते, मुलांमधूनच. टाळ्या पडतात. खरं उत्तर आज पहिल्यांदा सांगते आहे, तेही तुम्ही फारच मागे लागलात म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी लातूरहून एसटीनं किल्लारीला निघाले. काम साधंच होतं. 'लग्नाला निघालेला उंदीर' हे माझं नवं पुस्तक आलं होतं आणि त्याची एक प्रत मल्लम्मा अव्वांना द्यायची होती. तिथल्या शाळेवर होते तेव्हा चार वर्षं मी अव्वांच्याच घरी एका खोलीत राहिले होते. भूकंपानंतर बांधून मिळालेलं दोन खोल्यांचं घर. अव्वा एकट्याच असत.

आता कबूल करते. ते पुस्तक मी चोरलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दुपारी परत आले की मधल्या दाराआडून अव्वांचा आवाज यायचा. तूर निवडता निवडता त्या गोष्ट सांगत असत. समोर कुणी नसे. एक वाक्य, मग जरा थांबायचं, मग पुढचं. आपल्याकडे गोष्ट अशीच सांगतात ना? ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं, हुंकार आला तरच पुढे जायचं. थांबला की समजायचं, पोर झोपलं. मला वाटायचं, एकटी बाई, जुन्या सवयीनं थांबत असेल. मी दाराशी बसून निवांत वहीत उतरवून घ्यायची. फुकटची प्रेरणा कुणाला नको असते!

उंदीर ज्वारीचं कणीस घेऊन उदगीरला लग्नाला निघतो. वाटेत भेटेल तो एकेक दाणा मागतो. शेवटी एकच दाणा उरतो आणि समोर तेरणा नदी दुथडी भरून वाहत असते. अव्वा तिथे थांबायच्या. दर शनिवारी तिथेच. त्यापुढचं मी रचलं, आणि आपण काय छान शेवट केला म्हणून फार खूश होते.

त्या दुपारी अव्वांच्या खोलीत बाहेरच्या उन्हामुळे जास्तच अंधार वाटत होता. कोपऱ्यात पत्र्याची कोठी होती. जुन्या ज्वारीचा उबट वास येत होता.

"अव्वा, तुमच्यासाठी आणलंय."

"मला कुटं वाचाया येतंय बाई. तुमीच वाचा."

मी वाचायला लागले. पहिल्या वाक्याला 'हूं' आलं. अव्वांनी दिलं असणार म्हणून पुढे गेले. दुसऱ्या वाक्याला पुन्हा. चार पानं झाल्यावर सहज वर पाहिलं, तर अव्वांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळे वाहत होते. तेवढ्यात पुन्हा आलं. "हूं…" बारीक, झोपाळलेलं. कोठीच्या मागून.

पुस्तक टाकून पळावंसं वाटलं. पण मी मास्तरीण. हातात घेतलेला धडा पुरा केल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. वाटलं, एकदाची गोष्ट संपली की जे काही आहे ते जाईल. मी भरभर वाचत सुटले. उंदीर नदीकाठी आला.

"बस करा बाई…" अव्वा पुटपुटल्या. "पुढं नगा…"

मी थांबले नाही. "…आणि उंदीर पोटभर जेवून गाढ झोपी गेला."

हुंकार आला नाही. आम्ही दोघी वाट पाहत बसलो.

"सिंदू…" अव्वांनी हाक मारली. "ए सिंदू…" मग माझ्याकडे वळल्या. "संपवली व्हय तुमी?"

"अव्वा… कोण सिंधू?"

"लेक माजी. सा वर्साची हाय. गनपती बोळवून आलो तवा सांगत व्हते तिला. नदीपाशी तिला झोप लागली. म्हणलं, ऱ्हायलेलं उद्या सांगीन… त्याच राती भूकंप झाला." त्यांनी कोठीवरून हात फिरवला. "त्येवढं ऐकाया येत व्हती. म्हणून कवाच संपवली न्हाई मी."

अव्वांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाया पडले आणि मिळेल त्या जीपनं परत निघाले.

चौथ्या दिवशी, लातूरच्या घरी, भर दुपारी मी नव्या गोष्टीचं पहिलं वाक्य लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचून पाहिलं.

टेबलाखालून आवाज आला. "हूं."

मी घाबरले. आणि सांगायलाही लाज वाटते, मला बरंही वाटलं. त्या दिवसापासून इतकं सुचायला लागलं की वह्या पुरेनात. फक्त शेवट लिहायला हात धजेना. प्रकाशकाचे फोन यायला लागले. अव्वांचा चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलेना. ज्याचं त्याला परत द्यायला हवं होतं. महिन्यानं मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी अव्वा आल्या, हातात धपाट्यांचं गठुडं घेऊन. चहाही न घेता टेबलाच्या पायाशी बसल्या. मी शेजारच्या खुर्चीत बसले आणि वाचायला लागले.

"हूं."

"दिला का तिनं हुंकार?" अव्वांनी विचारलं.

"दिला की. तुम्हाला… ऐकू नाही आला?"

"न्हाई." त्यांनी कान टेबलाच्या फळीला लावला. पुन्हा हुंकार आला, चांगला स्पष्ट. अव्वांनी मान हलवली. "तिला म्हणा, आई आलीया."

मी खाली वाकले. "सिंधू, बघ कोण आलंय."

 मग ती पहिल्यांदाच बोलली, अगदी माझ्या गुडघ्याजवळून.

"बाई… ही म्हातारी कोन हाय?"

अव्वांनी माझं मनगट धरलं. "बोलली नव्हं? तुमच्या तोंडावर दिसतंया. काय म्हणली?"

"आई म्हणाली," मी सांगितलं.

अव्वा हसल्या. गठुडं सोडलं, धपाट्याचा एक तुकडा मोडला आणि टेबलाखाली हात लांब केला. "घे माय. तुला आवडतंय तसं, तीळ लावून केलंय."

तेवढ्यात माझ्या खुर्चीमागे काहीतरी सरकलं, आणि परकं माणूस पाहून लेकरं धरतात तसा माझा पदर कुणीतरी गच्च धरला.