फोल अंडी

बापूराव कोंबडी संशोधन केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी संध्याकाळी जेवण आटोपून केंद्राच्या ओसरीवर येऊन बसायची सवय काही सुटली नाही. शिकायला आलेली पोरं रात्रपाळीला असायची आणि म्हाताऱ्याला तेवढेच कान मिळायचे. त्या रात्री त्यातल्या विक्कीने विचारलं, पोळ्याच्या रात्री उबवणीच्या खोलीत कुणी एकटं का थांबत नाही? त्याला वाटलं होतं, म्हातारा हसण्यावारी नेईल.

बापूरावांनी तंबाखू मळली आणि तोंडात टाकली.

"भूत म्हणशील तर मी नाई पाह्यलं," ते म्हणाले. "पण ज्यानं पाह्यलं, त्याले सकाळी मीच जीपमंधी बसवून नेलं होतं. मंधात कोणी मोबाईल काढायचा नाई."

आणि त्यांनी प्रवीणची गोष्ट सांगितली.

प्रवीण तेव्हा केंद्रात नवा होता. हुशार, कामसू, आणि नोकरी पक्की व्हायची वाट पाहणारा. गावरान अंडी यंत्रात कितपत उबतात आणि त्यातून निघालेली पिल्लं किती तग धरतात, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी तो जंगलातल्या कोसमटोल्याला गेला. तिथे सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, बुधरीबाईचं.

बुधरी म्हणजे गावाचा हात. कुणाची कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसवायला तिलाच बोलावणं जायचं. नवी सून उंबरठ्यावर यायच्या आधी सासूला जेवढी काळजी, तेवढी ती एकेका टोपलीची घ्यायची. दाराशी उकिडवी बसून अंडं मुठीत धरायची आणि उन्हाशी लावून आत पाहायची. जीव दिसला की "भरलं" म्हणून टोपलीत. रिकामं असलं की "फोल" म्हणून बाजूला. आणि काही कळलंच नाही तर चुलीतल्या कोळशावर अंगठा घासून त्या अंड्यावर काळा ठप्पा मारायची. म्हणायची, "याले अजून बसू दे." तिच्या अंगठ्याला कधीकाळी विळा लागला होता, त्यामुळे ठप्प्याच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटायची. तिचा ठप्पा कुणालाही ओळखू यायचा.

दर उन्हाळ्यात मानमोडीचा रोग येऊन गावातली पिल्लं मरायची. प्रवीणने तिला सांगितलं की अंडी मला द्या, पिल्लं निघाली की लस टोचून परत आणून देतो. तिने घरची सगळी अंडी दिली. जीप निघताना ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "डाक्टर, मायच्या पोटाखालून काढून देऊन राह्यली. सांभाळजो."

अंडी छान वाढली. पिल्लं बाहेर यायला आली तेव्हा एका मित्राने गडचिरोलीला जेवायला बोलावलं. प्रवीणची रात्रपाळी होती. तरी तो गेला, म्हटलं तासाभरात येऊ. श्रावणातली रात्र, वादळ झालं, लाइन गेली. जनरेटर सुरू करायला कुणी नव्हतं. तो पहाटे परतला तेव्हा यंत्राचा पंखा बंद होता आणि बंद दाराच्या आत सगळी पिल्लं कवचातच गुदमरली होती. काही कवचांना आतून चोच लागलेली होती, टिकलीएवढी भोकं पडली होती.

त्याने ती सगळी मागच्या मोहाच्या झाडाखाली पुरली. मग वर साहेबांना सांगितलं, अंडी फोल होती. साहेबांना खरं वाटलं. तिथेच थांबला असता तर एक वेळ... पण बुधरीला तोंड दाखवायचं होतं, आणि तिच्यासमोरही तो तेच बोलला.

"फोल निघाली, बाई. कोंबडाच म्हातारा झालाय तुमचा."

बुधरीने विचारलं, "सगळीच?"

"सगळीच."

तिने एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि आत गेली. त्याच दिवशी तिने कोंबडा कापला.

गावाला काय, डॉक्टरने यंत्रात घालून पाहिलं म्हटल्यावर पुढे बोलणंच खुंटलं. बुधरीला बोलावणं बंद झालं. तिच्या घरची अंडी कुणी घेईना. आणि मग आली मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं मारबतीचा पुतळा पुढे धरून गावातली सगळी पीडा ओरडत ओरडत शिवेबाहेर नेतात, खोकला नेतात, ताप नेतात, डास नेतात. प्रवीण त्या सकाळी लस टोचायला कोसमटोल्यात होता. पोरं बुधरीच्या दारापुढे थांबली आणि ओरडली, "फोल अंडी घेऊन जाय गे मारबत!"

बुधरी दारात उभी होती. तिने पोरांकडे पाहिलंच नाही, ती प्रवीणकडे पाहत होती. आता तरी हा काही बोलेल, अशी. प्रवीण वाकला आणि सुई भरू लागला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, तरी त्याने पुढचं पिल्लू धरलं आणि टोचलं.

हिवाळ्यात बुधरी गेली. ताप आला आणि गेली, एवढंच. प्रवीणची नोकरी पक्की झाली, मिठाई वाटली गेली. त्या दिवसापासून त्याला अंडं खाववत नव्हतं. तो लोकांना सांगायचा, पित्त होतं.

इथे बापूराव थांबले. मागे खोलीतला पंखा घरघरत होता, तो ऐकून त्यांनी मान हलवली आणि पुढे सांगू लागले.

पुढच्या साली पोळ्याच्या रात्री प्रवीणची पाळी होती. अमावस्या. सगळे आपापल्या गावी बैलांना ओवाळायला गेलेले. त्याने आधीच जाऊन जनरेटरमध्ये डिझेल टाकलं, यंत्रातल्या भांड्यांत पाणी भरलं, तापमान पाहिलं. वर्षभरात त्याने पाळी चुकवली नव्हती. खोलीला कुलूप घालून तो बाहेर खाटेवर पडला. डोळ्यापुढे मात्र उद्याची सकाळ होती. पोरं पुन्हा ओरडणार. बुधरी नव्हती, पण तिची सून कमळा त्याच घरात राहत होती, आणि तिच्याही टोपलीला कुणी हात लावत नव्हतं.

मध्यरात्रीनंतर लाइन गेली.

तो उठला, जनरेटरच्या दोरीला झटका दिला. पहिल्याच झटक्याला जनरेटर सुरू झाला. त्याला बरं वाटलं. खोलीकडे वळला, आणि जनरेटर आपोआप बंद पडला.

सगळं शांत झालं. रातकिडेसुद्धा.

मग आवाज आला.

कुक... कुक... कुक...

अंड्यांवर बसलेली कोंबडी आपल्या पिल्लांशी बोलते तसा. पोटातून. हळू.

उबवणीच्या खोलीत कोंबडी कधीच नेत नाहीत. रोग शिरतो. आत जाताना माणसालाही औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. प्रवीणने कुलूप पाहिलं. लागलेलं होतं. त्याने ते काढलं.

आत उजेड होता. अंडी तपासायच्या दिव्याचा, बॅटरीवर चालतो तो, पिवळा. दिव्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. डोक्यावरून पदर.

ट्रे खाली काढलेला होता. एक अंडं उचललं. दिव्याशी धरलं. ठेवलं.

"भरलं..."

दुसरं.

"भरलं..."

प्रवीणला तो आवाज ओळखू आला. त्याला बोलायचं होतं. बाई, चूक माझी होती, एवढंच. वर्षभर हेच तर जिभेवर होतं.

कुक... कुक...

आणि उत्तर आलं.

चिव...

ट्रेमधून नाही. खिडकीबाहेरून. मागच्या मोहाकडून. मातीखालून येतं तसं, दबलेलं. आधी एक. मग दुसरं. मग खूप...

प्रवीणने कान झाकले. तरी ऐकू येत होतं.

अंडी संपली. ट्रे रिकामा झाला.

दिवा वळला.

आता उजेड त्याच्या छातीवर होता. डोळ्यांना काही दिसेना. समोर कुणीतरी उभं होतं. कोळशाचा वास. ओल्या गवताचा वास. उजेड छातीशी आला... अगदी टेकला... आणि थांबला.

ती पाहत होती.

प्रवीण वाट पाहत होता. 'फोल' म्हणेल. म्हणावं, असंच त्याला वाटत होतं. तो शब्द त्याचाच होता, आणि तिला तो विनाकारण चिकटला होता.

ती बोलली नाही.

लाइन आली. पंखा घरघरला. ट्रे यंत्रात होते, दार बंद होतं, तपासायचा दिवा खुंटीवर लटकत होता. प्रवीण भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

उजाडायच्या आत त्याने बापूरावांचं दार वाजवलं. काही विचारलं तरी एकच बोलत होता, कोसमटोल्याला चला. बापूरावांनी अंगावर घोंगडी घेतली आणि जीप काढली. वाटेत तो सारखा म्हणत होता, लवकर.

गावात शिरले तेव्हा पोरं निघालेली होती. पळसाच्या डहाळ्या हातात, पुढे मारबत. बुधरीच्या दारापाशी पोहोचलीच होती. कमळा आत जाऊन दार लोटत होती. प्रवीण जीप थांबायच्या आधीच उतरला, पडला, उठला आणि पोरांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"ते म्हणू नका," तो म्हणाला. "अंडी फोल नव्हती. एकही नव्हतं. पिल्लं तयार होती, चोच मारून बाहेर निघत होती. मी पाळी सोडून जेवायला गेलो आणि ती गुदमरून मेली. मी खोटं बोललो. बाईच्या हातात काही वाईट नव्हतं."

गल्लीतले लोक बाहेर आले होते. एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय कामाचं, डाक्टर? बाई तं गेली."

प्रवीण मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं कुणीतरी मारेल. कुणी मारलं नाही, तेच जास्त लागलं. पोरांच्या हातातल्या डहाळ्या हळूहळू खाली आल्या आणि ती दुसऱ्या बाजूने, न ओरडता, शिवेकडे गेली.

कमळाने दार उघडलं. ती पुढे आली आणि त्याच्या तोंडाकडे नाही, शर्टाकडे पाहत राहिली.

"हे कायचं लागलं?"

प्रवीणने खाली पाहिलं. खिशाच्या वर, डाव्या बाजूला, काळा डाग होता. कोळशाचा. अंगठ्याएवढा.

विक्कीला राहवेना. त्याने विचारलं, डाग तर जनरेटरचाही असू शकतो ना?

"मले बी तसंच वाटलं होतं," बापूराव म्हणाले. "म्हणून जवळ जाऊन पाह्यलं. मंधात पांढरी रेघ होती."